आधी बाकावर वाचून दाखव

मी एक जुना बाक आहे. सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा, सहा हात लांब. मला उचलायला चार माणसं लागतात आणि पाचवं माणूस नुसतं "अरे सांभाळून, सांभाळून" म्हणायला लागतं. माझ्या बैठकीत चार गोल भोकं आहेत. त्यांत पोरांनी पेनं खुपसली, पेरूच्या बिया टाकल्या, एकदा परीक्षेच्या सकाळी कुणीतरी उदबत्तीसुद्धा लावली. मी काही बोललो नाही. बाकाने ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. पण मित्रांनो, आज बोलतो. माझं वय झालं, आणि माझ्याकडे एक गोष्ट आहे. तुम्ही मोठे होऊन साहेब व्हाल, त्याच्या आत ती तुमच्या कानावर घालायची आहे.

भोकं कसली ते आधी सांगतो. बाक होण्यापूर्वी मी रेल्वेचा स्लीपर होतो. रुळांखाली आडवी लाकडं टाकलेली असायची ना, त्यांतला एक. ही भोकं तिथल्या खिळ्यांची. जंगलात झाड म्हणून वाढलो, मग करवतीखाली गेलो, अंगाला डांबर फासलं गेलं आणि अठ्ठावीस वर्षं रुळाखाली पडून राहिलो. गाड्या छातीवरून धडधडत जायच्या. आत माणसं जेवत, भांडत, झोपत असायची. आपल्या खाली कुणी आहे, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसायचं. तक्रार नाही करत मी, ते कामच होतं माझं. पण एवढं लक्षात असू द्या.

पुढे सिमेंटचे स्लीपर आले आणि आम्हाला उचकटून यार्डात फेकलं. तिथून मला आणि माझ्या एका भावाला मारोती मिस्त्रीने उचललं. मारोती रेल्वेतला सुतार, मूळचा वर्ध्याकडचा, राहायला रायपूरच्या बूढापाऱ्यात. पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. त्याने तीन दिवस रंधा मारून माझी काळी कातडी सोलून काढली. माझी बैठक केली, भावाचे पाय केले. मग शेजारच्या श्यामरावांना हाक मारली आणि म्हणाला, "घ्या. ह्याच्यावर कोणी बी बसो, हा वाकत नाई."

श्यामराव आधी एका कारखान्यात मोठे मॅनेजर होते. ती नोकरी सोडून त्यांनी बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या एका भाड्याच्या घरात, मॅनेजमेंटचं कॉलेज काढलं होतं. दोन खोल्या, बावीस पोरं, आणि ओसरीवर मी. ते प्रत्येक नव्या वर्गाला एक गोष्ट सांगायचे. कारखान्यात असताना त्यांनी कागदावर कामाची एक पाळी अर्ध्या तासाने पुढे सरकवली होती. एका रेघेचं काम. त्या रेघेमुळे गावाकडून येणाऱ्या चाळीस बायांची परतीची गाडी रोज चुकायला लागली. "मी त्यांच्या तोंडावर वाचून दाखवलं असतं," श्यामराव म्हणायचे, "तर पहिल्याच बाईनं मला थांबवलं असतं. मी वाचलंच नाही."

म्हणून त्यांनी एक रीत पाडली. विद्यार्थ्याने कुणाच्याही कामाबद्दल अहवाल लिहिला, की त्या माणसाला बोलवायचं आणि माझ्यावर बसवायचं. विद्यार्थ्याने खाली चटईवर बसायचं. मग तो अख्खा अहवाल त्या माणसाच्या बोलीत वाचून दाखवायचा. माणूस शेवटी "हव", म्हणजे हो, म्हणाला, तरच श्यामराव सही करणार. नाही म्हणाला, की कागद परत. इंग्रजी कितीही झकास असो.

काय काय ऐकलं आहे मी! एकदा पंडरीच्या कापडबाजारातला गौतम हमाल माझ्यावर बसला होता. एका हुशार पोराने लिहिलं होतं की हमालांना चाकाच्या गाड्या द्याव्यात म्हणजे काम दुप्पट होईल. गौतमने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तुमी डोक्यावर गठ्ठा घेऊन त्या गल्लीत गेलते काय? मंधात नाली हाये. गाडी नालीत, मी गाडीवर." पोरगं कानापर्यंत लाल झालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मग गौतमनेच सांगितलं की त्यांना हवा होता खांद्याच्या उंचीचा एक ओटा. वाटेत गठ्ठा टेकवता यावा, आणि पुन्हा उचलायला दुसऱ्या माणसाची वाट बघावी लागू नये. पोराने अहवाल फाडला, नवा लिहिला. ओटा झाला. ते पोरगं आज कुठेतरी मोठा अधिकारी आहे म्हणतात, आणि त्याच्या गोदामांत म्हणे जागोजागी ओटे आहेत.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. पाहुणे यायचे, माझ्यावर हात फिरवायचे. अंजनाबाई तेव्हापासून कॉलेजात चहा करायची. प्रत्येक वाचनाला ती बसणाऱ्याला आधी चहा द्यायची, वाचणाऱ्याला नंतर. उलटं झालेलं मी कधी पाहिलं नाही.

मग श्यामराव थकले, निवृत्त झाले, आणि एके दिवशी गेले. कॉलेजही गेलं, म्हणजे शहराबाहेर गेलं, काचेच्या चार मजली इमारतीत. दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'जबाबदार व्यवस्थापन, प्रादेशिक विकास'. मला आठ दिवस त्या भिंतीखाली ठेवलं. नवव्या दिवशी सोफा आला आणि मी कँटीनच्या मागे गेलो, नळाशेजारी. माझ्यावर बादल्या आल्या, सिलिंडर आला, कांद्याचं पोतं आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मला रुसायचा हक्क होता की नाही, तुम्हीच सांगा. कांद्याला कुणी अहवाल वाचून दाखवत नाही.

नव्या संचालिका शर्मिष्ठा मॅडम वाईट बाई नव्हत्या हं. सकाळी आठला यायच्या, कुणा पोराचे वडील आजारी पडले तर स्वतः फोन करायच्या. पण देशातल्या कॉलेजांची एक यादी असते, कोण वर, कोण खाली. ती यादी त्यांच्या मानगुटीवर बसली होती. वाचनात दोन आठवडे जातात म्हणून ती रीत बंद झाली. अहवाल कॉम्प्युटरवर पाठवायचा, मॅडमनी बटण दाबायचं, झालं.

अशी सहा वर्षं गेली. आणि मग, पूस, म्हणजे पौष महिन्यातल्या एका सकाळी, कांताबाई आली.

अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, नऊवार नेसलेली बाई. तात्यापाऱ्यात राहते, नवरा रेल्वेतून रिटायर झालेला. माहेर विदर्भातलं, पण लग्नानंतर शेजारणीकडून ती रखिया बडी करायला शिकली. आपला कोहळा, त्याला इकडे रखिया म्हणतात. तो किसायचा, वाटलेल्या उडदाच्या डाळीत फेटायचा, आणि त्याच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, घालून गच्चीवर वाळवायच्या. कांताबाईने पाऱ्यातल्या अकरा जणी जमवल्या, बारावी आपण. वीस वर्षं त्यांच्या बड्या रायपूरच्या दुकानांत जात होत्या. एकीच्या पोरीचं कॉलेज त्यावर झालं, एकीचं मोडलेलं घर त्यावर उभं राहिलं.

कॉलेजने तिला बोलावलं होतं. दोन विद्यार्थ्यांनी, साक्षी आणि अभिनव यांनी, तिच्या गटावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट केला होता. एक मोठी संस्था त्या प्रोजेक्टप्रमाणे बड्यांचं केंद्र उभारून देणार होती. आज संस्थेचे साहेब यायचे होते, फोटो व्हायचा होता, आणि कांताबाईने गटाच्या वतीने एका इंग्रजी कागदावर सही करायची होती. त्यासाठी तिने सकाळचं फेटणं गटातल्या कुसुमवर सोपवलं होतं आणि दोन बस बदलून आली होती. हातात स्टीलचा डबा, त्यात साक्षीसाठी बड्या.

आत एसीत तिला हुडहुडी भरली. ऊन शोधत शोधत ती कँटीनमागे आली. "बाई, बसू का जराक इथं? त्या काचेच्या घरात मले थंडी वाजून राहिली."

अंजनाबाई आता ह्याच कँटीनात होती. तिने कांद्याचं पोतं उतरवलं, पदराने मला पुसलं आणि तिला बसवलं. सहा वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं, मित्रांनो. खरं सांगतो, मला भरून आलं.

तेवढ्यात साक्षी तिला शोधत आली. ही पोट्टीही आपल्याच माणसांतली. आजोबा रेल्वेत होते म्हणून कुटुंब इथे आलेलं. घरी आजी मराठीत बोलायची, ही हिंदीत उत्तरं द्यायची. काखेत फाइल, चेहऱ्यावर घाई.

"अरे काकू, आप यहाँ पीछे? चलिए ना. फोटो होगा, फिर आपका साइन."

"चालतो न बाई. पहिले मले सांग, त्या कागदात काय लिवलं हाये? सही तर करतो, पण घरी गेल्यावर कुसुम इचारन न मले."

"कुछ नहीं काकू, वही, सेंटर का."

अंजनाबाई कढईत झारा फिरवता फिरवता थांबली. "साक्षी, ह्या बाकावर जो बसला त्याले वाचून दाखवा लागते. श्यामराव सरायची रीत होती. आधी वाचन, मंग सही. तू बस खाली, मी चहा आणतो."

साक्षी हसली. अजून वीस मिनिटं होती. चटई नव्हती म्हणून ती फरशीवरच बसली आणि हिंदीत वाचायला लागली. कांताबाईने हात वर केला. "मराठीत वाच न बाप्पा. आपल्यातली पोट्टी हायेस तू."

पहिली तीन पानं सोपी होती. तात्यापारा कुठे आहे, बडी म्हणजे काय, त्यात ताकद किती. साक्षी अडखळत, मधेमधे हिंदी मिसळत वाचत होती आणि कांताबाई मान डोलवत होती. चौथ्या पानावर आलं, "आम्ही ऑगस्टमध्ये तीन दिवस पाहणी केली. बारापैकी एकही महिला काम करत नव्हती. म्हणजे... इनकी मेहनत की ताकद वाया जाते."

कांताबाई खदखदून हसली. "अवो, सावनात बडी कोण घालते? उन कुठं असते? पावसात बुरशी लागन न तिले! कार्तिक लागला का आमी सुरू करतो, ते होळीपर्यंत. त्याच्या मंधात मान वर कराले फुरसत नसते."

"पर काकू, मैंने पूछा था तो आपने ही बोला, अभी कुछ नहीं करते."

"तवा नाईच करत होतो, तर काय खोटं सांगू? तू एकदा तरी पूसात आली काय?"

साक्षी एकदाही आली नव्हती. त्या तीन दिवसांनंतर पाच महिने तिने आणि अभिनवने लॅपटॉपवर काम केलं होतं. रंगीत चित्रं काढली, आकडे जुळवले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिने पान उलटलं.

पाचव्या पानावर 'रॅशनलाइझ' असा एक गुळगुळीत इंग्रजी शब्द होता. मला इंग्रजी कळत नाही असं समजू नका, इतकी वर्षं मॅनेजमेंट कॉलेजात काढली आहेत. तो शब्द कागदावर होता तोवर कुणालाच टोचत नव्हता. पण आता तो मराठीत आणि तोंडावर सांगायचा होता. साक्षीचा आवाज दोनदा अडकला. मग म्हणाली, "काकू, केंद्रात मशीन येणार. मशीनवर सहा बायका लागतील. शिकलेल्या, पस्तीसच्या आतल्या. दुकानांच्या ऑर्डरी सगळ्या केंद्राला जातील. आणि बाकीच्यांना... बाकीच्यांना काढायचं."

"मी अठ्ठावन्नची हावो," कांताबाई म्हणाली.

"हो."

"कुसुम बावनची. मंग आमी नाई त्यात."

साक्षीने मान हलवली. कांताबाई रागावली नाही, ओरडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या हातांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि मी साऱ्या पाऱ्यात सांगून राहिली होती का कालेजचे पोट्टे आमच्यासाठी मोठं घर बांधून देतेत. सकाळी कुसुमनं निघताना माह्या हातावर दही ठेवलं. म्हने, चांगल्या कामाले चालली." तिने डबा पुढे सरकवला. "हे घे. तुह्यासाठी आणलं होतं. बड्यायचा काय दोष?"

माझ्या छातीवरून अठ्ठावीस वर्षं गाड्या गेल्या, पण असं वजन मला कधी जाणवलं नव्हतं.

साक्षीचे डोळे भरले, तरी पोट्टी हट्टाने म्हणाली, "पर काकू, मशीन से आपके हाथ तो नहीं दुखेंगे ना? मेरी आजीचे हात पण दुखतात."

कांताबाई उठली. अंजनाबाईने वड्यांसाठी मशीनवर वाटलेली उडदाची डाळ पातेल्यात होती. कांताबाईने एक वाटी पाणी मागितलं आणि त्यात डाळीचा एवढासा गोळा सोडला. गोळा सरळ तळाला गेला.

"अशी बडी दगडावानी होते. तासभर शिजवा, दात पडन पण बडी मऊ नाई होणार." तिने बांगड्या मागे सारल्या, पातेलं माझ्यावर ठेवलं आणि हाताने फेटायला लागली. एकाच दिशेने, खालून वर, खालून वर. माझ्या सगळ्या अंगात तो ताल घुमत होता. दहा मिनिटं झाली. डाळ पांढरी झाली, फुगली. तिने पुन्हा एक गोळा पाण्यात सोडला. तो तरंगला.

"हे मशीनले समजते काय? कवा थांबाचं ते हाताले समजते. अन् हात वय पाहून नाई शिकत, माय. मले पाच हिवाळे लागले."

साक्षी वाटीकडे बघत राहिली. इतक्यात अभिनव धावत आला. "साक्षी! सब बैठ गए हैं, साहब आ गए, तू यहाँ डाल देख रही है?"

"मैं ये नहीं पढ़ूँगी, अभिनव."

"पागल है क्या? फायनल प्रोजेक्ट है! नौकरी लगी हुई है तेरी!"

साक्षी फाइल घेऊन गेली. आत काय झालं ते अंजनाबाईने चहाचा ट्रे नेताना पाहिलं, म्हणून मला कळलं. साक्षी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली, "मैम, ये रिपोर्ट मैंने काकू को पढ़कर सुनाई. पाँचवें पन्ने पर मेरी आवाज़ नहीं निकली. जो मुँह पर नहीं पढ़ सकते, उस पर साइन कैसे करवाएँ?"

थोड्या वेळाने शर्मिष्ठा मॅडम स्वतः मागे आल्या. त्यांच्यामागे संस्थेचे शिशिर साहेब, कोट सांभाळत. त्यांच्यामागे तोंड पाडून अभिनव. मॅडमनी कांताबाईला उठू दिलं नाही. दुधाचा रिकामा क्रेट उलटा करून त्या त्यावर बसल्या आणि साक्षीला म्हणाल्या, "पाँचवाँ पन्ना. मराठी में ही पढ़ो."

साक्षीने वाचलं. मॅडमना मराठी येत नव्हतं. त्या कागदाकडे बघतच नव्हत्या, त्या कांताबाईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो कुठल्याही भाषेत वाचता येत होता.

मग त्या उठल्या. "शिशिरजी, आज हमारे पास आपको देने के लिए रिपोर्ट नहीं है."

शिशिर साहेब गोंधळले. "मैडम, हमारी संस्था की इस साल की लिस्ट आज शाम को बंद हो जाएगी."

"तो इस साल हमारा नाम मत लिखिए."

सोपं नव्हतं ते, मित्रांनो. केंद्र हातचं गेलं. कॉलेजची आधीच गाजावाजा केलेली बातमी फुसका बार निघाली. साक्षी आणि अभिनव यांच्या निकालावर 'अपूर्ण' असा शिक्का बसला. बरोबरीची पोरं नोकरीवर गेली आणि हे दोघं मागे राहिले. अभिनव तर पंधरा दिवस साक्षीशी बोलला नाही. चुकीची किंमत असते, ती कुणीतरी भरायची असते. इतके दिवस ती खालचा माणूस भरत आला होता. या वेळी वरच्यांनी भरली, एवढाच काय तो फरक.

पुढचं मला अंजनाबाईकडून कळत गेलं. दोघं रोज पहाटे तात्यापाऱ्यातल्या गच्चीवर जायला लागले. पहिल्या दिवशी कांताबाईने अहवालाचं नावही काढू दिलं नाही, साक्षीच्या हातात पातेलं दिलं. तीन दिवस तिची डाळ बुडाली. हात सुजले, जेवताना घास धरवेना. चौथ्या दिवशी गोळा तरंगला, तेव्हा बाराही जणींनी टाळ्या वाजवल्या. अभिनवला फेटणं जमलंच नाही, पण त्याला दुसरंच दिसलं. रखिया किसताना कुसुमची बोटं रोज कापली जात होती. आणि हवेतली काळी धूळ ओल्या बड्यांवर बसायची, म्हणून रोज परातभर बड्या टाकून द्याव्या लागायच्या. वीस वर्षं त्या हे सोसत होत्या आणि ऑगस्टच्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

होळी झाली. आणि एके सकाळी चार पोरं कँटीनमागे आली, त्यांनी मला उचललं. अभिनव पुढे चालत "अरे सांभाळून, सांभाळून" म्हणत होता. मला थेट दर्शनी भिंतीखाली नेऊन ठेवलं. सोफा कुठे गेला, मी विचारलं नाही. गेला असेल कांद्याखाली.

त्या दिवशी कांताबाई आणि कुसुम माझ्यावर बसल्या. उरलेल्या दहा जणी मागे उभ्या. साक्षी आणि अभिनव खाली चटईवर. मॅडम हातात पेन घेऊन बाजूला, आणि एका कोपऱ्यात शिशिर साहेब. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून ऐकायला आले होते. अंजनाबाईने आधी बसलेल्यांना चहा दिला.

साक्षीने वाचायला सुरुवात केली. किसायला आणि वाटायला मशीन, फेटायला हात. गच्चीवर जाळीच्या चौकटी, म्हणजे ऊन आत आणि धूळ बाहेर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नव्या पोरींना शिकवायचं, आणि शिकवणाऱ्या ह्याच बारा जणी. नव्या पोरीचा हात तयार झाला की नाही, हे वाटीभर पाणी ठरवणार आणि कांताबाई बघणार. काढायचं कुणालाच नाही. मराठी अजून धडपडत होतं तिचं, पण मराठीच होतं. कुसुमने दोनदा डोळे पुसले.

शेवटच्या पानावर आलं, "लाभार्थी, बारा महिला." कांताबाईने हात वर केला. मॅडमच्या हातातलं पेन जिथल्या तिथे थांबलं.

"लाभार्थी म्हंजे?"

"ज्यांचा फायदा झाला ते, काकू."

"मंग तुहं नाव काहून नाई त्यात?"

साक्षीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"तीन दिवस बुडाली तुही डाळ, चवथ्या दिवशी तरंगली. फायदा काय फक्त आमचाच झाला का वो?"

सगळ्या जणी हसल्या. साक्षी नाही हसली. तिने चटईवर कागद ठेवला, 'बारा महिला'च्या खाली आपलं नाव लिहिलं आणि पेन अभिनवकडे दिलं. त्याने आपलं लिहिलं. मग शर्मिष्ठा मॅडम खाली वाकल्या, कागद उचलला, आणि त्या दोन नावांच्या खाली त्यांनी सगळ्या कॉलेजचं नाव लिहिलं. कांताबाईने ते एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग मान वर केली.

"हव," ती म्हणाली. "आता करा सही."

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. मला फारसं काही लागत नाही. दर पावसाळ्याच्या आधी अळशीच्या तेलाचा एक हात द्या, वाळवी लागू देऊ नका, आणि कृपा करून भोकांत पेरूच्या बिया टाकू नका. पण उद्या तुम्ही साहेब व्हाल, मॅडम व्हाल. एसीत बसून कुणाच्या तरी आयुष्याबद्दल कागदावर एक रेघ ओढाल. तेव्हा त्या माणसाला बोलवा, आपल्याहून उंच बसवा, आधी चहा द्या, आणि ती रेघ त्याच्या बोलीत, त्याच्या तोंडाकडे बघून वाचा. आवाज अडकला, तर रेघ खोडा. जागेची काळजी करू नका. मी सहा हात लांब आहे, आणि मारोतीने सांगितलं आहे, मी वाकत नाही.